लाइन आली, सर्व्हर आला, पण डेटाबेस उठत नाही: पोस्टग्रेस सांभाळणाऱ्या नवख्यांसाठी

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यातल्या कोणत्याही जिनिंगमध्ये, बाजार समितीत किंवा गावच्या पतसंस्थेत गेलात, तर कार्यालयाच्या एका कोपऱ्यात धूळ खात बसलेला एक संगणक दिसतो आणि साऱ्या गावाचा हिशेब त्यावर चालतो. काट्याच्या पावत्या, शेतकऱ्यांचे चुकारे, ठेवींची खाती, सगळे त्यातच असते. त्याची देखभाल बहुधा नुकतीच पदविका घेतलेल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवलेली असते, आणि ज्या दिवशी डेटाबेस कोसळून पुन्हा सुरू होत नाही, त्या दिवशी त्याच्याभोवती दहा माणसे उभी राहून दहा सल्ले देतात. हा लेख त्या एकट्या माणसासाठी आहे. उदाहरण लिनक्सवरील पोस्टग्रेसचे घेतले आहे, कारण गेली अनेक वर्षे मी तेच हाताळतो आहे. परंतु कामाचा क्रम दुसऱ्या डेटाबेसलाही बव्हंशी लागू पडतो.

माझ्या पाहण्यात विजेच्या धक्क्याने कायमचा गेलेला डेटा फार थोडा आहे. धक्क्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात घाईने केलेल्या उपायांनी गेलेला डेटा मात्र मी अनेकदा पाहिला आहे. म्हणून पहिली पायरी ही हात आवरण्याची आहे.

आधी काय करू नये

सेवा सुरू करण्याची आज्ञा पुन्हा पुन्हा देत बसू नका, संगणक परत परत बंद-चालू करू नका, पोस्टग्रेस काढून नव्याने बसवू नका आणि डेटाच्या फोल्डरमधली एकही फाइल, ती कितीही निरुपयोगी वाटली तरी, पुसू नका. काट्यावरच्या माणसाला छापील पावती पुस्तक द्या आणि हाताने पावत्या लिहायला सांगा. हे काम तांत्रिक वाटत नसले तरी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण बाहेर बंड्या आणि ट्रॅक्टर खोळंबलेले असतील तर तुमच्यावरचा दबाव वाढतो आणि दबावाखालीच चुकीची आज्ञा टाइप होते. पावत्या हाताने सुरू झाल्या की तुम्हाला शांतपणे विचार करायला तास-दोन तास मिळतात.

आत काय घडत असते

ज्यांनी दुकानाची वही पाहिली आहे त्यांना हे लवकर समजेल. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लिहिला जातो आणि नंतर सवडीने खतावणीत चढवला जातो. पोस्टग्रेसचेही तसेच आहे. प्रत्येक बदल आधी 'वॉल' नावाच्या नोंदवहीत लिहिला जातो, ती नोंद डिस्कवर पक्की झाल्यावरच व्यवहार पूर्ण झाल्याचे उत्तर मिळते, आणि मुख्य फाइलींमधली आठ किलोबाइटची पाने मागाहून लिहिली जातात. ठरावीक काळाने, मूळ मांडणीत दर पाच मिनिटांनी किंवा नोंदवही फार वाढल्यास त्याआधीच, इथपर्यंतची खतावणी पुरी झाली अशी खूण केली जाते; तिला चेकपॉइंट म्हणतात. सर्व्हर मध्येच पडला, तर पुन्हा सुरू होताना तो शेवटच्या चेकपॉइंटशी जातो, तिथून पुढची रोजकीर्द वाचतो आणि राहिलेली खतावणी पूर्ण करतो. म्हणजे कोसळल्यानंतर सावरण्याची सोय डेटाबेसच्या घडणीतच आहे आणि तिला तुमच्या मदतीची सहसा गरज नसते. तिच्या वाटेत नेमके काय आडवे आले आहे ते शोधणे, एवढेच तुमचे काम.

ही रोजकीर्द 'पीजी_वॉल' या फोल्डरमध्ये सोळा-सोळा मेगाबाइटच्या फाइलींच्या रूपात असते. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपूर्वी याच फोल्डरचे नाव 'पीजी_एक्सलॉग' होते. नावात 'लॉग' दिसल्यामुळे डिस्क भरली की लोक ते जुने लॉग समजून पुसून टाकीत आणि डेटाबेस हातचा घालवून बसत. नाव बदलण्यामागे हे एक मोठे कारण होते. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या संगणकांवर अजून जुन्या आवृत्त्या चालू आहेत, तेव्हा ही दोन्ही नावे लक्षात ठेवा.

तो खरोखरच बंद आहे का

ही तपासणी हास्यास्पद वाटेल, पण ती टाळू नका. उबुंटू किंवा डेबियनवर 'पोस्टग्रेएसक्यूएल' या सेवेची स्थिती विचारली तर ती चालू असल्याचे दिसते आणि शेजारी ती संपल्याचेही लिहिलेले असते. नवखा माणूस इथेच गोंधळतो. ती केवळ वरची छत्री आहे. खरी सेवा आवृत्ती आणि क्लस्टरचे (म्हणजे एका सर्व्हरखाली एकत्र चालणाऱ्या डेटाबेसांच्या संचाचे) नाव जोडलेली वेगळी असते, आणि 'पीजी_एलएसक्लस्टर्स' ही आज्ञा दिली की कोणता क्लस्टर कोणत्या पोर्टवर आहे, चालू आहे की पडलेला आहे, त्याचा डेटा कुठे आहे आणि लॉग कुठे आहे, हे सारे एका ओळीत मिळते. ती ओळ कागदावर उतरवून घ्या.

दुसरी शक्यता अशी की तो बंद नसून सावरतो आहे. या काळात जोडणी मागितली तर डेटाबेस सुरू होत असल्याचा संदेश येतो आणि जोडणी नाकारली जाते. सावरण्याआधी पोस्टग्रेस डेटाच्या साऱ्या फाइली डिस्कवर पक्क्या करून घेतो. जुनी फिरती हार्ड डिस्क आणि हजारो फाइली असतील तर एवढ्यालाच काही मिनिटे जातात. सर्व्हर सुरू-बंद करणारी 'पीजी_सीटीएल' ही आज्ञा मात्र मूळ मांडणीत साठच सेकंद वाट पाहते आणि सर्व्हर वेळेत सुरू झाला नाही असे सांगून मोकळी होते. तो संदेश वाचून सर्व्हर मेला असे समजणे आणि प्रक्रिया जबरदस्तीने मारणे, ही मी पाहिलेली सर्वांत वारंवार घडणारी चूक आहे. पंधराव्या आवृत्तीपासून सावरण्याची प्रगती दर दहा सेकंदांनी लॉगमध्ये लिहिली जाते. जुन्या आवृत्तीत प्रक्रियांच्या यादीत सध्या कोणती वॉल फाइल वाचली जात आहे ते दिसते. ते नाव बदलत असेल तर काम चालू आहे. चहा घ्या आणि थांबा.

लॉग वाचणे, आणि मागे जाऊन वाचणे

डेबियन-उबुंटूवर पोस्टग्रेसचा लॉग 'वार' खालच्या 'लॉग' मध्ये त्याच्या नावाच्या फोल्डरात असतो. रेडहॅटच्या कुळातल्या लिनक्सवर तो बहुधा डेटाच्या फोल्डरमध्येच 'लॉग' नावाने असतो. तिथे काहीच नवे नसेल, तर सर्व्हर लॉग उघडण्याच्याही आधी पडला असे समजा आणि 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने लिनक्सचा स्वतःचा लॉग पाहा. 'फेटल' आणि 'पॅनिक' हे शब्द असलेल्या ओळी शोधा. त्यांच्या खाली 'हिंट' म्हणून एक ओळ असेल तर ती शब्दशः वाचा. पोस्टग्रेसच्या हिंट लिहिणाऱ्यांनी त्या मन लावून लिहिल्या आहेत, इतके मी अनुभवाने सांगतो.

परंतु शेवटची ओळ वाचून थांबू नका. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये डिसेंबर महिन्यात घडलेला प्रसंग सांगतो. संध्याकाळी लाइन गेली, जनरेटरवर संगणक चालू झाला, पण डेटाबेस सुरू होईना. लाइन गेल्यामुळे डेटाबेस खराब झाला, असे मालकापासून हमालापर्यंत सर्वांचे एकमत झाले होते. मी लॉग मागे सरकवत नेला. लाइन सहा वाजून बावन्न मिनिटांनी गेली होती आणि 'पॅनिक' ची पहिली ओळ सहा वाजून एकेचाळीस मिनिटांची होती. नवी वॉल फाइल लिहायला डिस्कवर जागा नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. अकरा मिनिटे डेटाबेस पडलेलाच होता. काट्यावरच्या माणसाला पडदा अडकलेला दिसत होता आणि तो नेहमीसारखा हळू चालतो आहे, असे समजून तो वाट पाहत होता. विजेचा या बिघाडाशी संबंधच नव्हता. लॉगची शेवटची ओळ तुम्हाला आताची अडचण दाखवते. पहिली वाईट ओळ कारण दाखवते, आणि कारण कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी पुन्हा मोडते.

सोबत 'डीमेसेज' ही आज्ञाही द्या. डिस्कवर वाचन-लेखनाच्या चुका झाल्या का, फाइल सिस्टिम केवळ वाचनापुरती जोडली गेली का, मेमरी संपल्यामुळे लिनक्सने पोस्टग्रेसची प्रक्रिया स्वतःच मारली का, हे तिथे कळते. डिस्कच्या चुका दिसल्या तर बाकी सारे सोडा आणि सरळ पुढच्या पायरीकडे, प्रत काढण्याकडे, या. मरणासन्न डिस्कवर सावरण्याचा प्रयत्न करणे म्हणजे तिच्यात उरलेले वाचन वाया घालवणे आहे.

हात लावण्यापूर्वी प्रत

कोणताही बदल करण्याआधी, पोस्टग्रेसची एकही प्रक्रिया चालू नाही याची खात्री करून, डेटाचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवा. संपूर्ण म्हणजे 'पीजी_वॉल' सह, आणि टेबलस्पेस, म्हणजे टेबले ठेवण्यासाठी नेमलेली वेगळी फोल्डरे, दुसरीकडे असतील तर त्यांच्यासह. प्रत काढताना मालकी आणि परवानग्या तशाच राहतील असा पर्याय वापरा आणि ज्या डिस्कवर प्रत जाणार ती लिनक्सच्या फाइल सिस्टिमची असावी; पेनड्राइव्हवरच्या फॅट फाइल सिस्टिमवर परवानग्या टिकत नाहीत, म्हणून तसे असल्यास सारे आधी एका टार फाइलमध्ये बांधा. रिकामी फोल्डरेही वगळू नका. 'पीजी_नोटिफाय' किंवा 'पीजी_टीबीएलएसपीसी' रिकामे दिसते म्हणून वगळले, तर परत ठेवलेला डेटाबेस फोल्डर सापडत नाही अशी तक्रार करून सुरूच होत नाही.

त्या रात्री अडतीस गिगाबाइटची प्रत निघायला जवळपास पाऊण तास लागला. व्यवस्थापक दर पाच मिनिटांनी दारात येऊन किती वेळ म्हणून विचारत होते, आणि माझ्यासोबत आलेल्या मुलाने तोवर 'पीजी_वॉल' मधल्या फाइली पुसण्याची आज्ञा टाइप करून ठेवली होती. फक्त एंटर दाबायचे बाकी होते. त्याचा हेतू चांगला होता. डिस्क भरली आहे, सर्वांत मोठे फोल्डर हेच आहे, मग जागा इथूनच करावी, असा त्याचा सरळ हिशेब होता. ते फोल्डर म्हणजे अजून खतावणीत न चढलेली रोजकीर्द आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

डिस्क भरली असेल तर

आपल्याकडे हेच कारण सर्वाधिक आढळते, म्हणून इथे थोडे थांबू. 'डीएफ' ने जागा पाहा आणि त्याच आज्ञेने आयनोडही (प्रत्येक फाइलमागे एक लागणारी नोंद) पाहा, कारण लाखो बारीक फाइलींमुळे जागा असूनही आयनोड संपलेले असू शकतात. मग जागा डेटाच्या फोल्डरबाहेर शोधा: त्याच डिस्कवर साठलेल्या जुन्या बॅकअप फाइली, जुने सिस्टिम लॉग, पॅकेजांचा साठा, कोणाचे तरी उतरवून ठेवलेले चित्रपट. पुसण्यापेक्षा दुसऱ्या डिस्कवर हलवणे केव्हाही चांगले. काहीच हलवता येत नसेल, तर ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम मूळ मांडणीत पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, हे ध्यानात घ्या. 'ट्यून-टू-एफएस' ने ती टक्केवारी थोडी कमी केली की मोठ्या डिस्कवर कित्येक गिगाबाइट मोकळे होतात. आणखी एक मार्ग म्हणजे सर्व्हर बंद असताना 'पीजी_वॉल' हे संपूर्ण फोल्डर मोठ्या डिस्कवर हलवून जुन्या जागी त्याची सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणारी खूण, ठेवणे. इथे फाइली पुसल्या जात नाहीत, केवळ जागा बदलते.

जागा झाली, सर्व्हर उठला, म्हणजे काम संपले नाही. वॉल इतकी का साठली, हे शोधावे लागेल. बहुतेक वेळा दोनच कारणे असतात. एक, वॉलच्या फाइली बाहेर साठवणारी 'आर्काइव्ह_कमांड' अपयशी ठरत असते; जोवर फाइल यशस्वीपणे बाहेर जात नाही तोवर पोस्टग्रेस तिला हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे. दुसरे, पूर्वी कधीतरी बनवलेला आणि आता कोणीही न वापरणारा रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला बदल पुरवण्यासाठी ठेवलेली खूण) जुन्या फाइली धरून ठेवतो. तेराव्या आवृत्तीपासून स्लॉटसाठी कमाल मर्यादा ठरवता येते, पण ती आपणहून लावावी लागते. पांढरकवड्याच्या प्रसंगात पहिले कारण होते. दिवाळीच्या साफसफाईत बाहेरच्या हार्ड डिस्कची वायर निघाली होती आणि ती परत कोणी लावली नव्हती. वायर लावताच साठलेल्या फाइली एकेक करून बाहेर जाऊ लागल्या आणि पुढच्या चेकपॉइंटनंतर फोल्डर आपोआप आटले.

इतर अडथळे

डेटासाठी वेगळी डिस्क असेल, तर ती जोडली गेली आहे का ते पाहा. संगणक उठला पण डिस्क जोडली गेली नाही, तर डेटाचे फोल्डर रिकामे दिसते आणि सर्व काही गेले असे वाटून पोटात गोळा येतो. या क्षणी 'इनिटडीबी' चालवून नवा डेटाबेस तयार करण्याचा मोह आवरा. डिस्क जोडा, डेटा जागच्या जागी सापडेल.

'पोस्टमास्टर.पीआयडी' ही कुलुपाची फाइल आधीच आहे असा संदेश आला, तर त्यातला प्रक्रिया क्रमांक वाचा आणि तो क्रमांक आता कोणाचा आहे ते पाहा. सहसा पोस्टग्रेस शिळी फाइल स्वतःच ओळखून बाजूला करतो, पण संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तोच क्रमांक योगायोगाने त्याच वापरकर्त्याच्या दुसऱ्या प्रक्रियेला मिळालेला असतो, किंवा वीज जाताना फाइल लिहायची राहून ती शून्य आकाराची झालेली असते. पोस्टग्रेसची एकही प्रक्रिया चालू नाही याची दोनदा खात्री करून मगच ही एक फाइल दूर सारावी. जुनी शेअर्ड मेमरी (पोस्टग्रेसच्या सर्व प्रक्रिया मिळून वापरतात ती) अजून वापरात असल्याचा संदेश असेल, तर मुख्य प्रक्रिया मेली तरी तिची पिल्ले जिवंत आहेत असा त्याचा अर्थ आहे. त्यांना नीट संपू द्या. एकाच डेटा फोल्डरवर दोन सर्व्हर चालले तर जी हानी होते ती भरून निघत नाही, आणि ही कुलुपाची फाइल त्यासाठीच आहे.

एक कारण कोसळण्याशी जोडलेलेच नसते. तीन महिन्यांपूर्वी कोणीतरी 'पोस्टग्रेएसक्यूएल.कॉन्फ' मध्ये बदल केला, एक अवतरण चिन्ह राहिले किंवा शेअर्ड बफर (डेटाची पाने ठेवण्यासाठी राखलेली मेमरी) संगणकाच्या मेमरीपेक्षा मोठे लिहिले, आणि सर्व्हर बंदच झाला नसल्यामुळे ती चूक आजवर झोपून राहिली. लॉगमध्ये ओळीचा क्रमांक दिलेला असतो. 'ऑल्टर सिस्टिम' ने केलेले बदल मात्र डेटाच्या फोल्डरमधल्या 'ऑटो.कॉन्फ' मध्ये असतात, तिथेही पाहा. परवानग्यांची तक्रार असेल तर डेटाचे फोल्डर पोस्टग्रेस या वापरकर्त्याच्या मालकीचे आणि ०७०० किंवा ०७५० परवानगीचे असावे लागते. घाईत सगळ्यांना सर्व परवानग्या देऊन टाकल्या, तर तो सुरू व्हायला नकार देतो. पोर्ट ५४३२ दुसऱ्याने घेतले असेल तर बहुधा दुसरा क्लस्टर चालू आहे. विंडोजवर अँटीव्हायरस फाइली धरून बसतो का ते पाहा आणि डेटाचे फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा.

'पॅनिक' आणि चेकपॉइंट सापडत नाही

वैध चेकपॉइंटची नोंद सापडत नाही असा 'पॅनिक' आला, तर इथे नवख्याने एकट्याने पुढे जाऊ नये. इंटरनेटवर जो उत्तर शोधेल त्याला 'पीजी_रिसेटवॉल' हे नाव लगेच मिळेल, आणि ते चालवले की सर्व्हर बहुधा उठतोही. पण ते साधन रोजकीर्दीची राहिलेली पाने फेकून देते. खतावणी अर्धवट राहते, एखाद्या शेतकऱ्याचा चुकारा जमा दिसतो आणि नावे पडत नाही, आणि ही विसंगती महिन्यांनी उघडकीस येते. आधी चांगल्या बॅकअपवरून दुसऱ्या संगणकावर डेटाबेस उभा राहतो का ते पाहा. तो नसेलच, तर जाणकाराला बोलवा आणि रिसेट हे काम मूळ डेटावर न करता काढलेल्या प्रतीवर करा. त्यातून जे उठेल त्यावर व्यवहार सुरू करायचे नाहीत. डंप, म्हणजे साऱ्या डेटाची फाइलमध्ये उतरवलेली नक्कल, काढायचा, नव्या क्लस्टरमध्ये भरायचा आणि मगच वापरायचा.

उठल्यानंतर

लॉगमध्ये जोडणी घ्यायला तयार असल्याची ओळ आली की काटा लगेच सुरू करू नका. आधी संगणकाची तारीख पाहा. जुन्या संगणकातली मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेली असते, वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि इंटरनेट नसल्यास ते आपोआप सुधारत नाही. मग त्या रात्रीच्या पावत्या भलत्याच तारखेला पडतात. त्यानंतर 'पीजी_डम्पऑल' ने संपूर्ण डंप काढा. तो बॅकअप तर होतोच, शिवाय प्रत्येक टेबलातली प्रत्येक ओळ वाचली जाते, म्हणून खराब पान असेल तर ते इथे बहुधा आढळते. इंडेक्स (नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूची) मात्र डंपमध्ये वाचले जात नाहीत. त्यांच्यासाठी चौदाव्या आवृत्तीपासून 'पीजी_एएमचेक' आहे. 'एफसिंक' (लिहिलेले डिस्कवर पक्के करून घेणारी) आणि 'फुल_पेज_राइट्स' (चेकपॉइंटनंतर प्रथम बदललेले पान पूर्णपणे वॉलमध्ये लिहिणारी) या दोन्ही मांडण्या चालू आहेत ना, तेही पाहून घ्या. वेग वाढावा म्हणून कोणी त्या बंद केल्या असतील, तर आपल्याकडच्या विजेत तो वेग परवडणारा नाही.

शेवटी हिशेबाची जुळणी. पूर्ण झाल्याचे उत्तर मिळालेली प्रत्येक नोंद असायला हवी आणि अर्धवट टाइप झालेली असू नये. त्या रात्री साडेनऊला डेटाबेस उठला, सावरायला एक मिनिटही लागले नाही. आम्ही काट्यावरच्या माणसाला घेऊन बसलो आणि त्याच्याकडच्या छापील पावत्या टेबलातल्या नोंदींशी एकेक करून ताडल्या. सहा एकेचाळीसपर्यंतच्या सर्व पावत्या होत्या. पडदा अडकला तेव्हा टाइप होत असलेली एक पावती नव्हती, तिचा ट्रॅक्टर अजून आवारातच उभा होता. ती आधी भरली, मग हाताने लिहिलेल्या पावत्या त्यांच्या क्रमाने भरल्या, प्रत्येकीच्या शेऱ्यात पुस्तकातला मूळ क्रमांक लिहिला आणि साडेअकराला काटा सुरू झाला.